श्टुटगार्टमध्ये पहिले दोन महिने : आधी काय, नंतर काय

मी सप्टेंबरच्या शेवटी नाशिकहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला शिकायला आले आणि पहिले तीन आठवडे मला एकही पत्र आलं नाही. मला वाटलं, इथली कामं हळू चालत असतील. पुढे कळलं की विम्याचं कार्ड, बँकेचं पिन नंबरचं पत्र आणि करक्रमांकाचं पत्र ही तिन्ही येऊन परत गेली होती. इमारतीच्या दाराशी असलेल्या पत्रपेटीवर माझ्या आधी राहणाऱ्या मुलीचंच नाव होतं. जर्मनीत पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि आडनाव एवढंच. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो आणि नाव सापडलं नाही की पत्र माघारी पाठवतो. "पाटलांच्या वरचा मजला" इथे चालत नाही.

म्हणून खोलीची किल्ली हातात आली की बॅग उघडायच्याही आधी पेटीवर आणि दाराच्या घंटीवर नाव लावा. पासपोर्टावर आडनाव जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने. वसतिगृहात हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, छापील पट्टी देतो. ती मिळेपर्यंत कागद आणि चिकटपट्टी पुरते. मित्राकडे तात्पुरते उतरला असाल तर पत्त्यात स्वतःच्या नावाखाली "बाय" (bei, म्हणजे अमक्याकडे) लिहून त्याचं आडनाव टाका. पुढची सगळी कामं पत्रांतून येतात आणि एक पत्र चुकलं की त्यामागची तीन कामं अडकतात.

निघायच्या आधी

एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला, प्रवेशपत्र, व्हिसा हे सगळं झालंय असं धरून चालते. (भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस लागतंच.) राहिलं सामान.

दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून आणता येत नाहीत. यात साजूक तूप, पेढे, बर्फी, खव्याचं सगळं आलं. आईने प्रेमाने बांधून दिलेला डबा विमानतळावर टाकून द्यावा लागला की पोटात कालवतं, तेव्हा तिला आधीच सांगा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता हेही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, खजूर, अननस आणि नारळ यांना मात्र सूट आहे. गोडा मसाला, लोणचं, मेतकूट, कोरड्या चटण्या बिनधास्त आणा. तुपाची काळजी करू नका, इथल्या लोण्याचं तूप सुरेख कढतं.

वीज २३० व्होल्टचीच आहे, त्यामुळे मिक्सर चालतो. फक्त आपला तीन पिनांचा जाड प्लग इथल्या सॉकेटात बसत नाही, म्हणून दोन अ‍ॅडॅप्टर ठेवा. लहान प्रेशर कुकर जरूर आणा, इथे महाग पडतो. जाड जॅकेट आणू नका. इथल्या थंडीचं जॅकेट इथेच घ्यावं, सेकंडहँड दुकानांत चांगलं मिळतं.

पैशांबद्दल नीट ऐका. श्पेरकोंटो, म्हणजे व्हिसासाठी गोठवून ठेवलेलं खातं, त्यात वर्षाचे ११,९०४ युरो असतात आणि त्यातून दरमहा ९९२ मिळतात. पण ते तुम्ही उतरलात त्या दिवशी मिळत नाहीत. साधारणपणे आधी इथलं चालू खातं लागतं आणि त्यासाठी बहुतेक वेळा पत्त्याची नोंद. मधल्या तीनचार आठवड्यांत भाडं, अनामत आणि विद्यापीठाची फी भरायची असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सत्राला १,५०० युरो फी आहे. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे ऐकून आलेल्यांना ती नेमकी इथे भेटते. तेव्हा फी आणि अनामत सोडून हाताशी किमान हजार-दीड हजार युरो वेगळे असू द्या, काही रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डावर.

खोली

प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी श्टुडिरेंडनवेर्क श्टुटगार्टकडे वसतिगृहाचा अर्ज करा. ही विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय बघणारी संस्था आहे. यादी लांब असते, त्यामुळे उशीर केलात तर पहिलं सत्र खाजगी खोलीत जाईल. विद्यापीठाचे दोन परिसर आहेत, एक शहराच्या मध्यावर आणि दुसरा फायहिंगनला, टेकडीवर. अभियांत्रिकीचे बहुतेक वर्ग फायहिंगनला भरतात. दोन्हींमध्ये एस-बानच्या, म्हणजे शहरी लोकलच्या, एस१, एस२, एस३ या गाड्या धावतात आणि दहाएक मिनिटं लागतात. त्यामुळे शहरातच खोली हवी असा हट्ट धरू नका. या मार्गावर जरा लांब राहिलं तरी चालतं.

खाजगी खोली शोधताना दोन शब्द कायम विचारा. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे पाणी, हीटर, कचरा धरून. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि खिशातून जातो तो दुसरा. अनामत, म्हणजे काउत्सिओन, कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन समान हप्त्यांत भरायचा हक्क तुम्हाला आहे. खोली ताब्यात घेताना भिंतीवरचे डाग, तुटलेली फळी, सगळ्याचे फोटो काढा आणि हस्तांतराच्या कागदावर लिहून घ्या. सोडताना ह्याच कागदावर अनामत परत मिळते.

"मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" असं सांगणारा घरमालक फसवणारा असतो. दर वर्षी आपली मुलं यात पैसे घालवतात आणि लाजेने बोलत नाहीत. खोली स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका.

पहिले दोन आठवडे : कागदांची साखळी

क्रम असा ठेवा.

पहिलं काम पत्त्याची नोंदणी, अनमेल्डुंग. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करावी असा कायदा आहे. भागाभागात ब्युर्गरब्युरो, म्हणजे नागरी सेवा कार्यालयं आहेत. ऑनलाइन वेळ घ्यायची, आणि ती भारतातूनच घ्यायचा प्रयत्न करायचा, कारण ऑक्टोबरात तारखा झपाट्याने संपतात. पासपोर्ट, व्हिसा, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही करून दिलेला "हा माणूस माझ्याकडे राहतो" असा कागद लागतो. या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. एका दमात म्हणता आलं नाही तरी चालेल, फक्त भाडेकरार करतानाच तो मागून घ्या. नुसता भाडेकरार पुरत नाही. नोंदणीसाठी कागद देत नाही म्हणणाऱ्या मालकाची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. कार्यालयात धर्म विचारतात. कोणत्या चर्चचे सदस्य आहात का, यावरून पुढे पगारातून चर्चकर कापायचा की नाही हे ठरतं, एवढंच त्यामागे आहे.

नोंदणीचा शिक्का मिळाला की बँकेचं खातं, त्यानंतर श्पेरकोंटोला त्या खात्याचा क्रमांक, आणि मग दरमहाचे पैसे सुरू. दोनचार आठवड्यांत अकरा आकडी करक्रमांक पोस्टाने घरी येतो. तो आयुष्यभर तोच राहतो, त्यामुळे ते पत्र फाडू नका. त्याच सुमारास रुंडफुंकबायट्रागचंही पत्र येईल. ही सार्वजनिक रेडिओ-दूरदर्शनची वर्गणी, दर घरामागे महिना १८.३६ युरो. "माझ्याकडे टीव्हीच नाही" हे उत्तर चालत नाही. पण वर्गणी घराला आहे, माणसाला नाही. एका घरात चौघं राहत असाल तर एकाने भरायची, बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. पत्राकडे दुर्लक्ष करू नका, थकबाकी साचत जाते.

आरोग्यविमा तर प्रवेश पक्का करतानाच लागतो. ३० वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा सवलतीत मिळतो, महिन्याला सुमारे १४० ते १५० युरो. खाजगी विमा तीसचाळीस युरोत मिळतो म्हणून मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे, तिशीच्या आत असाल तर तो घेऊ नका. सार्वजनिक विम्यातून एकदा सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही, आणि दवाखान्यात बिल आधी तुम्हालाच भरावं लागतं. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी येणार असाल तर मधल्या दिवसांपुरता प्रवासविमा हवा.

राहण्याचा परवाना, म्हणजे व्हिसानंतरचं कार्ड, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून मिळतं. मोठ्या शहरांत वेळ मिळायला महिने लागतात. व्हिसा संपायच्या आत अर्ज पोचलेला असला की निर्णय होईपर्यंत तुमचा मुक्काम कायदेशीर मानला जातो. म्हणून व्हिसावरची शेवटची तारीख आजच बघा आणि त्याच्या निदान दोन महिने आधी अर्ज टाका, पोचपावती जपून ठेवा. मात्र व्हिसा संपलेला आणि कार्ड आलेलं नाही अशा मधल्या काळात देशाबाहेर जायचं असेल तर फिक्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा कागद हातात असल्याशिवाय तिकीट काढू नका. घरचं लग्न जवळ आलंय म्हणून कुणी घाईने गेलं आणि परतताना अडकलं, असं होऊ देऊ नका.

मोबाइल पहिलं वर्ष प्रीपेड ठेवा. सुपरमार्केटांचीच सिम मिळतात. दोन वर्षांचा करार "फोन फुकट" म्हणून गळ्यात पडतो.

शहरात फिरणं

श्टुटगार्ट वाटीसारख्या खोलगटात वसलंय. शहर खाली, वस्त्या चहूबाजूंच्या उतारांवर, आणि मधून दगडी पायऱ्यांच्या वाटा. त्यांना इथे श्टेफेले म्हणतात आणि अशा चारशेहून जास्त वाटा आहेत. नकाशात "पाचशे मीटर" दिसणारी खोली प्रत्यक्षात दोनशे पायऱ्या वर असू शकते, हे बॅगा घेऊन उतरायच्या आधी बघा.

मुख्य स्थानकाचं मोठं बांधकाम २०१० पासून चालू आहे, त्यामुळे तिथे फलाटापर्यंत बरंच चालावं लागतं. गाडी बदलताना जास्तीची पंधरा मिनिटं धरा. विमानाने थेट श्टुटगार्टला उतरलात आणि वसतिगृह फायहिंगनला असेल तर शहरात जायचंच नाही. विमानतळावरून एस२ किंवा एस३ थेट उनिव्हेर्झिटेट स्थानकावर आणून सोडते.

देशभर चालणारं डॉइचलांडटिकिट जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरोला आहे. पण २७ वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना या राज्यात डी-टिकिट युगेंड-बेवे त्याहून स्वस्त पडतं आणि देशभर तितकंच चालतं. आधी तेच बघा. स्थानकांवर अडवणारी फाटकं नाहीत म्हणून तिकीट लागत नाही असा समज करून घेऊ नका. साध्या कपड्यातले तपासनीस डब्यात येतात आणि दंड ६० युरो आहे.

स्वयंपाकघर

लिडल, आल्डी, पेनी ही स्वस्त दुकानं. मसूर डाळ लाल मसूर म्हणून कुठेही मिळते. तूरडाळ, पोहे आणि कणीक भारतीय दुकानातून. कोथिंबीर, भेंडी, हिरव्या मिरच्या, वांगी तुर्की दुकानात ताजी आणि स्वस्त, तेव्हा आठवड्यातून एक फेरी तिथे हवीच. बेसन तिथेच हरभऱ्याचं पीठ म्हणून सापडतं.

गव्हाच्या पिठावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. ४०५ म्हणजे आपला मैदा. कणीक संपली आणि पोळ्या करायच्याच असतील तर १०५० घ्या, पोळी थोडी जाड होते पण मऊ राहते. शिऱ्याला मऊ गव्हाचा रवा, वाइखवाइझनग्रीस, आणि उपम्याला हार्टवाइझनग्रीस. हे उलटं झालं की शिरा चरचरीत लागतो.

श्रीखंडाला दही लावून चक्का करायची गरज फारशी पडत नाही. क्वार्क नावाचा पदार्थ प्रत्येक दुकानात मिळतो. चाळीस टक्क्यांवाला घ्या, फडक्यात रात्रभर टांगा, सकाळी साखर, वेलची, केशर. आपल्या चक्क्याइतका आंबट नसतो, म्हणून मी चमचाभर दही घालते. पाडव्याला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सहा देशांच्या मुलांनी वाट्या पुसून खाल्लं, तो दिवस माझ्या मनात अजून ताजा आहे.

फोडणी देताना खिडकी उघडी आणि दार बंद. छताला धुराचा इशारा देणारं यंत्र असतं, आणि काही वसतिगृहांत ते थेट अग्निशमन दलाशी जोडलेलं असतं. गाडी आली तर बिलही येऊ शकतं.

बाहेर खाताना शाकाहारी असाल तर एक जपा. इथला घरगुती पदार्थ म्हणजे डाळ आणि श्पेट्झले, मऊ शेवयांसारखे. वरणभाताची आठवण येईल, पण त्या डाळीत बहुतेकदा डुकराचं मांस शिजवलेलं असतं. माउलटाशन, भरलेले मोठे चौकोनी मोदक म्हणा, त्यांतही मांस असतं. केझेश्पेट्झले, चीज घातलेले, हे निर्धास्त मागवता येतं. मेन्सा म्हणजे विद्यापीठाचं भोजनगृह, तिथे रोज शाकाहारी ताट असतं.

घरात आणि शेजाऱ्यांत

रविवारी दुकानं बंद. जवळजवळ सगळी. सणांच्या सुट्ट्यांनाही, आणि या राज्यात १ नोव्हेंबर आणि ६ जानेवारीही सुट्टी असते, जी इतर काही राज्यांत नसते. शनिवारी संध्याकाळी दूध, ब्रेड, भाजी घरात आहे का बघायची सवय लावा.

कचरा वेगळा करायचा : ओला, कागद, वेष्टणं, उरलेला. काच रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत रंगाप्रमाणे, आणि रविवारी किंवा रात्री नाही, कारण बाटल्या फुटल्याचा आवाज होतो. रात्री दहानंतर शांतता. एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्या आणि पेयांच्या कॅनवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकल्या की परत मिळते. चेपून टाकू नका, यंत्र ओळखत नाही.

आणि केरवोखे. हे श्वाबियाचं, म्हणजे या प्रदेशाचं, खास आहे. इमारतीतल्या प्रत्येक घराकडे आठवडाभर जिना झाडण्या-पुसण्याची पाळी येते. पाळीची पाटी दारावर येऊन लटकते, काम झालं की ती पुढच्या दारावर लावायची. मोठ्या पाळीत बाहेरचा पदपथ येतो, आणि हिवाळ्यात सकाळी बर्फही. श्टुटगार्टने १९८८ मध्ये हा नियम पालिकेच्या कायद्यातून काढला, पण भाडेकरारांत तो राहिला. त्यामुळे करारात लिहिलंय का वाचा. शेजारची आजी बोलत नसेल तर शनिवारी मन लावून जिना पुसा. माझ्या शेजारच्या आजी त्यानंतरच पहिल्यांदा "ग्र्यूस गॉट" म्हणाल्या. इथे "हॅलो"च्या जागी हेच म्हणतात. इथली बोली प्रत्येक नामाला "ले" लावून लाडकं करते, पाव झाला व्हेक्ले, घर झालं हॉयसले. वर्गातलं जर्मन शिकून आलात तरी पहिला महिना काही कळणार नाही, घाबरू नका.

खोली दिवसातून दोनतीनदा हवेशीर करा. खिडकी सताड उघडून पाचदहा मिनिटं, हीटर बंद करून. तिरकी फट दिवसभर ठेवली की भिंती गार पडतात आणि बुरशी येते, आणि बुरशीचा खर्च अनामतीतून जातो. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा हाफ्टफ्लिष्ट विमा महिना थोड्या युरोंत मिळतो. वसतिगृहाची किल्ली हरवून अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायची वेळ आली तर हाच वाचवतो, पण किल्लीचा उल्लेख पॉलिसीत आहे ना ते बघून घ्या.

अभ्यास, काम, आजारपण

इथे १.० सर्वांत चांगली श्रेणी, ४.० काठावर पास, ५.० नापास. परीक्षेसाठी ठरलेल्या मुदतीत स्वतः नाव नोंदवावं लागतं. वर्गाला बसलात म्हणून परीक्षेला बसता येत नाही. एकाच सक्तीच्या विषयात ठरलेले प्रयत्न संपले की त्या अभ्यासक्रमातून नाव जातं, आणि तोच अभ्यासक्रम देशात दुसरीकडेही घेता येत नाही. पहिल्याच सत्रात सहा विषय ओढू नका. परीक्षेच्या दिवशी आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरचं प्रमाणपत्र घ्या.

विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातली हिवीची नोकरी, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालचं साहाय्यकाचं काम, या दिवसांत धरत नाहीत. किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून ताशी १३.९० युरो आहे, त्याहून कमी देणाऱ्याकडे राहू नका. बॉशचा कारखाना नाशकात आणि मर्सिडीजचा चाकणला पाहिलेला असतो, इथे आसपास त्यांची मुख्यालयं आहेत, म्हणून पहिल्याच महिन्यात सगळे तिकडे अर्ज टाकतात. जर्मन बोलता येऊ लागलं की त्याच अर्जांना उत्तरं येतात. संध्याकाळचा भाषावर्ग सोडू नका, थकला असलात तरी.

आजारी पडलात तर आधी घराजवळचा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे कुटुंबाचा डॉक्टर. रात्री किंवा सुट्टीला ११६११७ वर फोन करा. जिवावरचं असेल तर ११२, पोलीस ११०. प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि साध्या सर्दीला डॉक्टर चहा पिऊन झोपायला सांगतात, तेही खरंच बरं करतं.

डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि सकाळी आठच्या सुमारास उगवतो. दुपारी अर्धा तास बाहेर चालाच, पुस्तक घेऊन खिडकीत बसणं पुरत नाही. मन फार जड झालं, झोप उडाली, वर्गाला जावंसं वाटेना, तर श्टुडिरेंडनवेर्कची समुपदेशन सेवा आहे. मी दुसऱ्या हिवाळ्यात गेले होते. आधीच जायला हवं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचारचं होतं. आईबाबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. नाहीतर तुमचा रात्रीचा फोन तासभर उशिरा जाईल आणि ते जागे राहून फोनकडे बघत बसतील.